एकही गोळी न झाडता पाच शौर्यपुरस्कार: कोल्टमननं नेमकं केलं तरी काय?

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलंय. त्यांचा मुलगा आठवीत आहे, शाळेत युद्धातल्या शूर माणसावर प्रकल्प करायला सांगितलाय. बाकीच्या मुलांनी रणगाडे आणि वैमानिक घेतले, यानं शोधून काढला विल्यम कोल्टमन. पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश स्ट्रेचर बेअरर, म्हणजे जखमींना स्ट्रेचरवरून वाहून आणणारा, हुद्दा लान्स कॉर्पोरल. अधिकारी सोडून बाकीच्या ब्रिटिश सैनिकांत त्या युद्धात सर्वांत जास्त शौर्यपुरस्कार याच्या नावावर आहेत, आणि ते मिळवताना त्यानं एकही गोळी झाडली नाही. मुलाचे प्रश्न तीन. हा माणूस नेमकं करायचा काय? जखमींना उचलून नेणं ही तर हमालीच झाली, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार, कसा मिळाला? आणि आपल्याकडचं असं कोणी होतं का?

ताई, मी इतिहासाचा अभ्यासक नाही. आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून चोवीस वर्षं काढली, हवालदार म्हणून बाहेर पडलो, आता कळंबोलीत असतो आणि सोसायट्यांत, कॉलेजांत, डोंगरवाल्या पोरांना प्रथमोपचार शिकवतो. त्यामुळे उत्तर उचलणाऱ्याच्या बाजूनं देतो.

हमालीपासूनच सुरू करतो. पोराला रागावू नका, त्यानं बरोबर शब्द पकडलाय. ठाण्याला स्टेशन मास्तरच्या खोलीजवळ भिंतीला टेकवून ठेवलेलं स्ट्रेचर त्यानं शंभरदा पाहिलं असेल, फक्त लक्ष गेलं नसेल. कळवा-मुंब्र्याच्या मध्ये कोणी गाडीतून पडलं की ते स्ट्रेचर घेऊन जाणारा बऱ्याचदा स्टेशनवरचा हमालच असतो. रुळाशेजारच्या खडीवर पाय ठरत नाही. स्लीपरमधलं अंतर माणसाच्या पावलाशी जुळत नाही. शेजारच्या रुळावरून फास्ट गाडी सुसाट जाते तेव्हा वाऱ्यानं अंगावरची चादर उडते. आणि स्ट्रेचरवरचा माणूस ओरडत असतो किंवा, त्याहून वाईट, गप्प असतो. ही हमाली आहेच. कोल्टमनच्या कामात एवढीच भर घाला की खडीच्या जागी गुडघाभर चिखल आहे आणि वाहून नेणाऱ्यावर कोणीतरी मशीनगन रोखून बसलंय.

आता वजनाचं बोलू, कारण वजन कळल्याशिवाय बाकी काही कळणार नाही. त्या काळचं ब्रिटिश लष्करी स्ट्रेचर म्हणजे ॲश लाकडाचे दोन दांडे आणि मध्ये कॅनव्हास. वजन तीस पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण चौदा किलो. त्यावर सत्तर किलोचा माणूस, भिजलेला लोकरी कोट, बूट, चिखल. सहज शंभराच्या घरात. चौघांनी धरलं तर प्रत्येकी पंचवीस किलो, असं पोरं लगेच गणित मांडतात. मी त्यांना येऊरच्या डांबरी चढावर नेतो. एकाला झोपवतो, चौघांना उचलायला लावतो. पहिली शंभर पावलं हसत-खिदळत जातात. मग हसणं बंद होतं. पाठ दुखेल असं वाटत असतं, पण आधी संप करतात बोटं. मूठ आपोआप उघडायला लागते, कोपराखालचा स्नायू दगडासारखा होतो, आणि चढावर मागच्या दोघांवर निम्म्याहून जास्त भार आलेला असतो. दोनशे मीटरवर ‘सर, जरा ठेवूया का?’ हा प्रश्न ठरलेला.

आणि एक गंमत. एनसीसीची पोरं सवयीनं पावलात पाऊल टाकून चालायला लागतात. चौघं एका तालात चालले की स्ट्रेचर पाळण्यासारखं झुलतं, जखमीला मळमळतं, मोडलेलं हाड आत हलतं. म्हणून स्ट्रेचर उचलल्यावर पाऊल मुद्दाम तोडायचं असतं. आयुष्यभर कदमताल शिकवलेल्या शिपायाला ताल सोडून चालायला लावणं, हे या कामातलं पहिलं शिक्षण. दुसरं म्हणजे धावायचं नाही. उमेदवारीच्या काळात सरावाला मी धावलो होतो, गुडघ्यावर आपटलो आणि स्ट्रेचरवरचा जोडीदार माझ्या अंगावर. उस्ताद एवढंच म्हणाले, ‘आता दोन केस झाल्या.’

सपाटीवर असं, तर चिखलात काय होत असेल? १९१७ च्या पाशेंडेलच्या लढाईत एका स्ट्रेचरला आठ-आठ माणसं लागत होती. आठ धडधाकट माणसं एका जखमीमागे. आघाडीवर कोणता कंपनी कमांडर एवढी माणसं देईल? म्हणून बहुतेक वेळा ती मिळायचीच नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कोल्टमन. जन्म १८९१, इंग्लंडमध्ये बर्टन गावाजवळच्या रेंजमोरचा. धंदा बागकाम आणि भाजीपाल्याचा. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना धडे द्यायचा. त्याचा पंथ ख्रिस्ती ब्रदरेन, त्यामुळे माणूस मारायचा नाही यावर ठाम. तरीही १९१५ च्या जानेवारीत तो स्वतःहून नॉर्थ स्टॅफर्डशायर रेजिमेंटमध्ये भरती झाला, सुरुवातीला साधा शिपाई म्हणून, आणि नंतर स्ट्रेचर बेअररचं काम पत्करलं. ‘लढायचं नव्हतं तर घरी बसायचं’ असं काही जण म्हणतात. त्यांनी एकदा पलटणीतल्या जवानांना विचारावं, हल्ल्याच्या दिवशी त्यांना बाजूला कोण हवं असतं.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. कोल्टमन मेडिकल कोअरचा नव्हता. तो पलटणीचाच माणूस, कंपनीबरोबर पुढे जाणारा. मेडिकलवाल्यांच्या दंडावर रेड क्रॉसचा पट्टा असायचा, पलटणीच्या स्ट्रेचर बेअररच्या दंडावर नुसती ‘एसबी’ अशी दोन अक्षरं. रेड क्रॉसला जिनिव्हा कराराचं संरक्षण होतं. या दोन अक्षरांना तेवढं नव्हतं. पुढे १९२९ च्या आणि १९४९ च्या करारांत अशा तात्पुरत्या स्ट्रेचर बेअररनाही संरक्षण दिलं गेलं. म्हणजे कोल्टमन हातात बंदूक न घेता, आणि अंगावर कायद्याचं पूर्ण पांघरूणही नसताना त्या जागेत फिरत होता.

आपल्याकडेही ही पद्धत आहे बरं का. २६ जानेवारीला ज्या रेजिमेंटच्या बँडला आपण टाळ्या वाजवतो, त्यातल्या वादकांना लढाईच्या वेळी स्ट्रेचर उचलायचं शिक्षण असतं. ड्रम खाली ठेवायचा आणि दांडे धरायचे.

आता मुलाचा मुख्य प्रश्न. ताईंनी सोबत व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्राचं मराठी भाषांतर पाठवलंय, मोबाइलनं केलेलं. त्यात लिहिलंय की ‘निवृत्तीच्या वेळी जखमी मागे राहिले होते’. वाचून मला क्षणभर वाटलं, माझ्याच निरोपसमारंभाबद्दल आहे की काय. ती निवृत्ती नाही, माघार आहे. तुकडी पुढे गेली होती, तिला मागे यावं लागलं आणि जखमी तिथेच राहिले. आणि त्याच्या पदकांच्या यादीत ज्याला ‘बार’ म्हणतात ती रिबनीवरची धातूची पट्टी. तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं की नवं पदक देत नाहीत, पट्टी देतात. मोबाइलनं त्याचं काय केलंय ते मी इथे लिहीत नाही.

मानपत्राचा मजकूर मराठीत सांगायचा तर असा: ३ आणि ४ ऑक्टोबर १९१८ ला फ्रान्समध्ये सेकेहार गावाच्या ईशान्येला मॅनेक्विन हिल इथे, माघारीत जखमी मागे राहिल्याचं कानावर आल्यावर कोल्टमन बाजूनं येणाऱ्या जोरदार माऱ्यात एकटा पुढे गेला, जखमींना शोधलं, त्यांची मलमपट्टी केली आणि एकामागून एक तीन वेळा सोबत्यांना पाठीवर घेऊन सुरक्षित जागी आणलं. त्यानंतर अठ्ठेचाळीस तास न थांबता जखमींची शुश्रूषा केली.

एवढंच. चार ओळी. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत हे तीस सेकंदांत संपतं. पण ज्यानं हे काम केलंय तो एकेका शब्दापाशी अडखळतो. मी कुठे अडखळतो ते सांगतो.

‘कानावर आल्यावर’. म्हणजे त्याला कोणी पाठवलं नव्हतं. माघारीत गोंधळ असतो, कोण आला कोण राहिला याचा पत्ता नसतो. कोणीतरी धापा टाकत म्हटलं असेल, अमका तिकडेच पडलाय. हे ऐकून न ऐकल्यासारखं करणं अगदी सोपं होतं आणि त्याबद्दल कोणी बोटही दाखवलं नसतं.

‘बाजूनं येणारा मारा’. समोरून गोळी येत असेल तर बांध, खड्डा, झाडाचा बुंधा काहीतरी आडोसा मिळतो. बाजूनं, म्हणजे रांगेच्या लांबीच्या दिशेनं मारा आला की समोरचा आडोसा कुचकामी. ऐरोलीच्या खाडीवरच्या सरळ बांधावर उभं राहा, दुसऱ्या टोकाला कोणी चेंडू घेऊन उभा आहे असं समजा आणि लपायला जागा शोधा, म्हणजे लगेच कळेल.

‘शोधलं’. हे तर मला सगळ्यात मोठं वाटतं. जो ओरडतो तो सापडतो. त्याचा श्वास चालू आहे, रक्त अजून फिरतंय, म्हणून तर ओरडतोय. गप्प पडलेल्याकडे आधी जायचं असतं, आणि तोच दिसत नाही. नोकरीतल्या एका रात्रीची गोष्ट आहे, जागा सांगत नाही. डोंगरात तीन जखमी खाली आणले आणि सुटलो म्हणून बसलो. आमच्या सुभेदारसाहेबांनी माणसं मोजली. एक कमी. परत गेलो तर तो पहिल्या जखमीपासून दहा-बारा पावलांवर, झुडपाआड, डोळे उघडे ठेवून पडलेला. आम्ही दोनदा त्याच्या शेजारून गेलो होतो. त्यानं हाक मारली नाही, कारण मारता येत नव्हती. वाचला तो. पण ‘शोधलं’ हा शब्द वाचला की मला ते झुडूप दिसतं.

‘मलमपट्टी केली’. गोळ्या चालू असताना माणसाला उचलून पळावंसं वाटतं. पण रक्त वाहत असेल तर तो वाटेतच जातो. म्हणून तिथेच, उघड्यावर, त्याच्याशेजारी आडवं पडून आधी रक्त थांबवायचं. प्रत्येक शिपायाच्या कोटात स्वतःची एक पट्टी शिवलेल्या कप्प्यात असायची. नियम असा की जखमीची पट्टी जखमीलाच वापरायची, आपली राखून ठेवायची, कारण आपल्यालाही लागू शकते. ओल्या कापडाची शिवण थिजलेल्या बोटांनी उसवायची, जखम उघडी करण्यासाठी कापड फाडायचं, दाब द्यायचा, गाठ मारायची. सरावात मुलांना मी हे डोळ्यांवर पट्टी बांधून करायला लावतो. बहुतेकांची पहिली गाठ सुटते.

‘पाठीवर’. इथे मघाचं लक्षात आणा. स्ट्रेचर बेअरर आणि स्ट्रेचरवर नाही, पाठीवर? कारण दुसरा दांडा धरायला कोणी नव्हतं. एकट्या माणसाला स्ट्रेचरचा उपयोग शून्य. मग सत्तर-ऐंशी किलोचा माणूस, ज्याला धड धरता येत नाही, ज्याचे पाय लोंबकळतायत, त्याला पाठीवर घ्यायचं आणि उभं राहायचं. सरपटत गेलेला माणूस येताना सरपटू शकत नाही. जाताना तो जमिनीला चिकटलेला होता, येताना दुप्पट उंच आणि निम्म्या वेगाचा झाला. त्याला लक्ष्य करणं किती सोपं असेल ते सांगायला नको.

आणि ‘तीन वेळा’. पहिल्यांदा माणूस आवेगात जातो, ते मी समजू शकतो. सुखरूप परत आल्यावर, पाठीवरचं ओझं उतरवल्यावर पाय थरथरायला लागतात. तेव्हा दुसऱ्यांदा जायचं असतं. दुसऱ्या खेपेपर्यंत पलीकडच्या मशीनगनवाल्यालाही कळलेलं असतं की हा या वाटेनं येतो. तिसऱ्या खेपेला दोघांनाही सगळं माहीत असतं.

अठ्ठेचाळीस तासांबद्दल जास्त लिहीत नाही. हात धुवायला पाणी नसतं, बोटांवरचं रक्त वाळून त्वचा ओढली जाते, आणि तिसऱ्या प्रहरानंतर माणूस गाठ मारता मारता झोपतो.

आधीचे चार पुरस्कारही पाहा, म्हणजे हा एका दिवसाचा झटका नव्हता हे कळेल. १९१७ च्या फेब्रुवारीत तारेचं कुंपण दुरुस्त करणाऱ्या तुकडीवरचं धुकं अचानक विरलं, जर्मनांनी गोळीबार केला, अधिकाऱ्याच्या मांडीला गोळी लागली. कोल्टमन दोन्ही सैन्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गेला आणि त्याला घेऊन आला. मिलिटरी मेडल. मांडीची जखम म्हणजे काय हे लोकांना वाटतं त्यापेक्षा भयंकर प्रकरण आहे. मांडीचं हाड गोळीनं मोडलं तर त्या युद्धाच्या सुरुवातीला पाचातले चार मरत, कारण वाटेत हाड हलायचं आणि आतल्या आत रक्तस्राव व्हायचा. पुढे थॉमस स्प्लिंट ही पाय ताणून धरणारी लोखंडी चौकट आघाडीवरच लावायला लागले आणि मरणारे पाचात एकाच्या आसपास आले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचण्याआधीच इतका फरक पडला. उचलणाऱ्याच्या हातात किती काही असतं याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

जून १९१७ मध्ये दुसरं मिलिटरी मेडल, म्हणजे पट्टी. यात एक प्रसंग दारूगोळ्याच्या साठ्यावर तोफगोळा पडल्याचा, दुसरा भुयार कोसळून माणसं गाडली गेल्याचा. तिथे त्यानं खणणारी टोळी उभी केली. जुलैमध्ये डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल, रात्रभर माऱ्यात जखमी शोधत राहिल्याबद्दल. आणि त्याच मेडलची पट्टी सप्टेंबर १९१८ च्या अखेरीस, बेलांग्लीजजवळ, जेव्हा त्याच्या डिव्हिजननं सँ कांतँ कालवा ओलांडला. तिथल्या नोंदीतलं एक वाक्य मी माझ्या वर्गात फळ्यावर लिहितो: आपल्या भागात एकही जखमी उरलेला नाही याची खात्री होईपर्यंत तो थांबला नाही. ही तारीख २८ आणि २९ सप्टेंबरची. मॅनेक्विन हिल ३ ऑक्टोबरची. मध्ये जेमतेम तीन दिवस!

आता आपल्याकडचं. हे जरा विस्तारानं लिहितो, कारण मुलाच्या तक्त्यावर ही बाजू रिकामी दिसते.

पहिलं नाव ऐकून वर्गातली मुलं नेहमी दचकतात: मोहनदास गांधी. बोअर युद्धात १८९९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात त्यांनी इंडियन ॲम्ब्युलन्स कोअर उभा केला. सुमारे अकराशे माणसं, त्यातली आठशेच्या आसपास गिरमिटिया मजूर. कोलेन्झो आणि स्पिऑन कोप या लढायांत त्यांनी जखमी वाहिले. दिवसाला वीस ते पंचवीस मैल जखमींना वाहून न्यावं लागे, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. वीस मैल म्हणजे बत्तीस किलोमीटर. ठाण्याहून सीएसएमटी चौतीस. माणूस उचलून पायी ठाण्याहून सीएसएमटीला जायचं, आणि उद्या पुन्हा. त्या सेवेचं युद्धपदक त्यांना मिळालं, १९०६ च्या झुलू बंडातल्या अशाच कामाचं दुसरं मिळालं, आणि १९२० मध्ये असहकाराच्या वेळी त्यांनी ती पदकं सरकारला परत केली.

दुसरं, ज्यांची नावं कोणी घेत नाही ते. ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात आर्मी बेअरर कोअर नावाचं वेगळं दल होतं. त्यात मुख्यतः कहार, म्हणजे उत्तरेकडचे पालखी-डोली वाहणारे. आपल्याकडच्या भोयांसारखेच. पिढ्यान्‌पिढ्या खांद्यावर माणूस वाहणाऱ्यांनाच लष्करानं जखमी वाहायला घेतलं, आणि पगारात, मानात त्यांना लढणाऱ्या शिपायाच्या खालची पायरी दिली. ‘फॉलोअर’ म्हणायचे. शिपायाला महिन्याला अकरा रुपये, यांना त्याहून कमी. गोळी मात्र दोघांना सारखीच लागायची. १ जून १९२० ला हे दल आणि आर्मी हॉस्पिटल कोअर एकत्र करून इंडियन हॉस्पिटल कोअर झाला, आणि १९४३ मध्ये त्यातूनच पुढे आमचं मेडिकल कोअर. म्हणजे माझ्या टोपीवरच्या बिल्ल्यामागे ते कहार उभे आहेत. हे मला कधीही कुठल्या व्याख्यानात ऐकायला मिळालं नाही, स्वतः वाचल्यावर कळलं.

यांची सगळ्यात वाईट परीक्षा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झाली. तिथे गेलेली सहावी डिव्हिजन म्हणजे पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर हजारो जखमी, आणि त्यांना न्यायला बिनस्प्रिंगच्या लोखंडी खेचरगाड्या. मोडलेल्या हाडांची माणसं त्या गाड्यांत आदळत नदीपर्यंत आली, तिथून बोटींवर. मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरनं बसऱ्याला अशी एक बोट येताना पाहिली. दुरून त्याला वाटलं, कठड्यावरून दोरखंड लोंबतायत. जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. उठता न येणाऱ्या माणसांनी कठड्याला टेकून दिवस काढले होते. त्यानं तक्रार केली म्हणून वरिष्ठांनी उलट त्यालाच दटावलं. १९१७ च्या चौकशी आयोगापुढे हे सगळं बाहेर आलं. मुंबईतही जखमी येत होते. फोर्टमधलं आपलं म्युझियम, आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तेव्हा लष्करी रुग्णालय म्हणून वापरलं गेलं. मुलाला तिथे नेलंत तर मूर्ती बघता बघता हेही सांगा.

त्याच मोहिमेतला लान्स नाईक लाला, ४१ डोग्रा पलटणीचा. हिंदी शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस १९११ पर्यंत मिळतच नव्हता, त्यानंतरच्या पहिल्या काही मानकऱ्यांत हा आहे. २१ जानेवारी १९१६, अल-हन्ना. दुसऱ्या पलटणीचा एक जखमी अधिकारी शत्रूजवळ पडलेला, त्याला ओढून एका तात्पुरत्या आडोशाला आणलं. तो आडोसाही यानंच केलेला, आणि तिथेच त्यानं आधी चौघांना पट्ट्या बांधल्या होत्या. मग उघड्यावरून आपल्याच ॲडज्युटंटची, म्हणजे पलटणीच्या कमांडरच्या मदतनीस अधिकाऱ्याची, हाक ऐकू आली. हा गेला, म्हणाला, पाठीवर घेऊन सरपटत येतो. त्याला परवानगी मिळाली नाही. जानेवारीची थंडी, चिखल. यानं अंगातले कपडे काढून साहेबावर घातले आणि अंधार पडेपर्यंत त्याच्याजवळ थांबला. अंधारात आधी पहिल्या अधिकाऱ्याला खंदकात नेलं, मग स्ट्रेचर घेऊन ॲडज्युटंटसाठी परत. हा स्ट्रेचर बेअरर नव्हता, लढणारा शिपाई होता. पण कपडे काढून घालणं हे मला पाठीवर उचलण्याइतकंच मोठं वाटतं. रक्त गेलेला माणूस थंडीनं मरतो, हे त्याला कोणी शिकवलं असेल की नाही देव जाणे.

आणि आपला मराठा हवाच असेल तर शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचा, आता अहिल्यानगर म्हणतात. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, इटली, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. पलटणीत काम निरोप्याचं. सोबतची तुकडी जवळजवळ संपली होती. दोन जखमी सोबत्यांना त्यानं एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे नेलं. दोन खेपा. मग परत जाऊन मशीनगनच्या तीन ठाण्यांचा निकाल लावला आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्याकडे त्या तीन ठाण्यांचं वर्णन रंगवून होतं, खेपांचं एका वाक्यात. पाण्यात पाठीवरच्या माणसाचं नाक बुडू न देता चालून पाहिलंय कधी? नवी मुंबईतल्या एका तरणतलावावर आम्ही हे पोरांकडून करून घेतो. कंबरभर पाण्यातच त्यांची तारांबळ उडते.

स्वातंत्र्यानंतरचं एक नाव द्या: ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स, कोरिया, १९५० ते १९५४. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली गेलेलं आपलं वैद्यकीय पथक. प्योंगयांगहून माघार घेताना गाड्या नव्हत्या, तर यांनी सोडून दिलेलं इंजिन गाठलं, बादल्यांनी बॉयलरमध्ये पाणी भरलं आणि सामानासकट निघाले. मार्च १९५१ मध्ये त्यातली एक तुकडी अमेरिकन छत्रीधारी सैन्याबरोबर विमानातून उतरली. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. तक्ता तिरंग्याच्या बाजूनं भरायचा असेल तर हे पुरेसं आहे.

राहिलं कोल्टमनचं पुढे काय झालं ते. मे १९१९ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात पाचव्या जॉर्ज राजाच्या हातून त्यानं व्हिक्टोरिया क्रॉस घेतला. गावानं सत्काराची तयारी केली होती, त्यानं तो टाळला. मग बर्टनच्या नगरपालिकेच्या बागांमध्ये माळी म्हणून कामाला लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. इथे खरी निवृत्ती, मोबाइलला सांगा. दुसऱ्या महायुद्धात तो शाळकरी वयाच्या कॅडेट मुलांना शिकवायचा, कॅप्टनचा हुद्दा होता. १९७४ मध्ये गेला.

प्रकल्पात एक प्रात्यक्षिकही ठेवायचं आहे असं ताईंनी लिहिलंय. दोन बांबू, साधारण साडेसात फुटांचे. एक जाड सोलापुरी चादर. बांबू मध्ये दीड-दोन फूट अंतर ठेवून चादर दोन्ही बाजूंनी घडी घाला, वजन पडलं की ती आपोआप घट्ट बसते, गाठ लागत नाही. मुलाला आणि त्याच्या तीन मित्रांना सांगा, सोसायटीच्या गेटपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत बाबांना जिन्यानं न्यायचं, लिफ्ट नाही. जिना चढताना डोकं पुढे, सपाटीवर पाय पुढे. आधी जमिनीपासून वीतभर उचलून चादर धरते का बघा, आणि जिन्यात दोन मोठी माणसं खालच्या बाजूला उभी ठेवा. वर पोचल्यावर बाबांना उतरवायचं, खाली यायचं, आणि लगेच आजोबांना न्यायचं. तिसऱ्या खेपेला कोणाला न्यायचं ते त्यांनाच ठरवू द्या. बाबांना मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि त्या दिवशी जेवण नंतर.